फडक्याखालचा काटा

वजन ही माणसाची एकमेव अशी मिळकत आहे, जी तो संपूर्णपणे स्वकष्टाने कमावतो, जिच्यात भाऊबंद वाटा मागत नाहीत, आणि जी सोडून द्यायची ठरवली तर मात्र त्यालाच पदरमोड करावी लागते. हा विचार मला सुचला तेव्हा मी एका दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो. बाक चौघांसाठी होता. तो मी आणि माझी बायको अशा दोघांनीच भरला होता, आणि त्यात बायकोचा वाटा नाममात्र होता.

मी वजनमापे निरीक्षक आहे. बाजारातले तराजू, काटे आणि मापं तपासायची, खरी असतील तर त्यांवर शिक्का मारायचा आणि खोटी असतील तर जप्त करायची, हे आमच्या खात्याचं काम. वाणी ताटलीच्या बुडाला मेण चिकटवतो, खाटीक अंगठा टेकवतो, रद्दीवाला बोलण्यात गुंतवून काटा स्थिर होण्याआधीच माल उचलतो. या सगळ्या कला मला तोंडपाठ आहेत. मी बाजारात शिरलो की दुकानदार उठून उभे राहत. त्यातला थोडा भाग आदराचा असे आणि थोडा मला वाट करून देण्याचा. माझ्यामुळे आजवर गावातल्या एकाही गिऱ्हाइकाला माप कमी मिळालेलं नाही, आणि मी स्वतःलाही कधी कमी पडू दिलं नाही.

आमच्या घराण्यात पुरुष जाड असतात आणि लवकर जातात. (या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा, असा संशय घराण्यात कोणी घेतला नाही. आम्ही संशय इतर बाबतीत घेतो.) माझा थोरला भाऊ, दादा, जेवताना एक विनोद सांगत होता. सांगता सांगता तो मध्येच थांबला आणि ताटावरच गेला. विनोद चांगला असावा. त्याचा शेवट अजून कोणाला कळलेला नाही. दादाला पोचवून आलो त्या आठवड्यात बायको मला म्हणाली, "वहिनी आता एकट्या जेवतात. मला म्हातारपणी एकटीने जेवायचं नाही. तेवढं बघा." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी प्रथमच मी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

त्यानंतर मी शास्त्रशुद्ध उपाय केले. रोज पहाटे शेजाऱ्यांचा कुत्रा घेऊन फिरायला जायला लागलो. तीन महिन्यांत कुत्रा इतका वाळला की शेजाऱ्यांनी तो परत मागून घेतला. मग दिवसातून एकदाच जेवायचं ठरवलं. ते एक जेवण दुपारी सुरू होई आणि दिवेलागणीला संपे. गरम पाणी प्यायलो, गार पाण्याने आंघोळ केली, जाड्या माणसांचे कपडे उभ्या पट्ट्यांचे असावेत असं वाचून उभ्या पट्ट्यांचे सदरे शिवले. आई म्हणाली, सदरा छान आहे, तंबूसारखा. शेवटी पोटाची शस्त्रक्रिया करून वजन उतरवून देणाऱ्या या दवाखान्याचा पत्ता बायकोनेच काढला.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी एक तांत्रिक अडचण आली. तिथल्या काट्यावर एकशेवीसपर्यंतच आकडे होते. मी उभा राहिल्यावर बाणाने पूर्ण फेरी मारली, शून्य ओलांडलं आणि तो चारवर येऊन थांबला. नर्स प्रामाणिक होती. तिने माझ्या नावापुढे चार किलो लिहिलं. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरीकडे वजन करून आणायला सांगितलं. तेव्हा आम्ही नवराबायको माझ्याच कार्यालयाच्या गोदामात गेलो. तिथे पोती तोलायचा मोठा काटा आहे आणि तो मी दर महिन्याला प्रमाणित वजनं ठेवून तपासतो. त्या थंडगार पत्र्यावर एकट्याने उभं राहायला मला कसंसंच झालं, म्हणून बायको माझा हात धरून शेजारी उभी राहिली. दोघांचे मिळून एकशे शहाऐंशी भरले. तिचे बासष्ट वजा जाता मी एकशे चोवीस.

आता पात्रतेविषयी. ही शस्त्रक्रिया अशाच माणसांवर करतात, ज्यांचं वजन पथ्याने उतरत नाही. आणि ती करण्याआधी त्यांना पथ्याने पाच किलो उतरवून दाखवावे लागतात. जो उतरवू शकत नाही तो निर्धाराचा कच्चा, म्हणून अपात्र. जो सहज उतरवतो त्याला शस्त्रक्रियेची गरज नाही, म्हणून तोही अपात्र. पात्र तोच, जो रडतखडत, घरात आदळआपट करून, बायकोचं जिणं हराम करून पाच किलो उतरवतो. मी या तिसऱ्या वर्गात विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झालो.

मनाची तपासणी करायला एक वेगळे गृहस्थ होते.

"तुम्ही का खाता?" त्यांनी विचारलं.

"भूक लागते म्हणून."

"आणि भूक नसते तेव्हा?"

"तेव्हा वाढलेलं असतं म्हणून."

त्यांनी बराच वेळ लिहिलं. पुढे समजलं की त्यांनी 'रुग्णास परिस्थितीची उत्तम जाण आहे' असा शेरा दिला होता.

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. माझ्या पोटाचे चार हिस्से कल्पून त्यातले तीन रद्द करण्यात आले आणि उरलेला केळ्याएवढा हिस्सा पुढील आदेश होईपर्यंत कायम ठेवण्यात आला. शुद्धीवर आलो तेव्हा आई डॉक्टरांना विचारत होती, "कापलेलं कुठे ठेवलंत?"

"आजी, त्याची आम्ही विल्हेवाट लावतो."

"विचारायचं तरी होतंत," आई म्हणाली. "मी वाढवलेलं होतं ते."

त्यानंतर जीवनशैली सुरू झाली. त्याआधी मी नुसता जगत होतो. दवाखान्यात आहाराची जबाबदारी असलेल्या एक बाई होत्या; सगळे त्यांना आहारताई म्हणत. त्या स्वतः इतक्या बारीक होत्या की त्यांचं बोलणं तेवढं भरीव वाटे. त्यांनी मला पुढील नियम दिले:

एक. वाटी लहान मुलाची, चमचाही लहान मुलाचा. (घरात लहान मूल नसल्यास वाटी विकत आणावी.)

दोन. प्रत्येक घास त्याचं अस्तित्व संपेपर्यंत चावावा.

तीन. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणाआधी पिऊ नये. जेवणानंतरही पिऊ नये. मात्र दिवसभरात पाणी भरपूर प्यावं.

चार. जेवण दोन चमचे असलं तरी ताटावर अर्धा तास बसावं, घरच्यांशी बोलावं, घाई करू नये.

पाच. जेवणानंतर थोडं फिरून यावं.

यातला पाचवा नियम मी इतक्या निष्ठेने पाळला की चौथ्यासाठी वेळ उरेना. दोन चमचे भात मी पाच मिनिटांत संपवायचो आणि चपला घालून बाहेर पडायचो. बायको समोर जेवत असायची. "बसा की जरा," ती म्हणायची. मी म्हणायचो, "डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट एकदा पाळायला लागलं की माणसाला फार अधिकार प्राप्त होतो.

वजन उतरू लागलं. ते कुठे जातं याचा शोध मी खात्याच्या शिस्तीने घेतला आणि एका नियमापर्यंत आलो. घरातलं वजन नष्ट होत नाही; त्याची फक्त घरातल्या घरात बदली होते. माझ्या ताटातून उठलेला बटाटा हवेत जात नव्हता. अन्न टाकायचं नाही म्हणून बायको तो खाई. भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक खायला काहीतरी घेऊन येत, आणि उरलेले निम्मे 'तुम्हाला चालत नाही म्हणून काही आणलं नाही' हे सांगायला येत. पहिल्या गटाने आणलेला केक दुसऱ्या गटाला कापून द्यावा लागे आणि त्यांच्यासोबत कोणालातरी खावा लागे. ते काम बायको करी. तिच्या बाह्या घट्ट होऊ लागल्या आहेत हे मी पाहत होतो, पण मी तेव्हा स्वतःच्या यशाने इतका भारावलो होतो की मला ती शिलाई आटल्यासारखी वाटली.

मी चौऱ्याण्णववर आलो. दवाखान्याने माझं छायाचित्र काढून स्वागतकक्षात लावलं. त्यात मी माझ्या जुन्या पॅंटच्या एकाच पायात उभा आहे आणि कमरेचा घेर दोन्ही हातांनी ताणून धरला आहे. खाली 'आदर्श रुग्ण' असं लिहिलं आहे. पॅंटच्या दुसऱ्या पायाचं काय करायचं ते न कळल्याने तो छायाचित्रकाराने घडी घालून मागे खोचला. बाजारात मात्र अडचण झाली. बारीक झालेल्या निरीक्षकाला दुकानदार ओळखेनात. एकाने तर मला ओळखपत्र मागितलं आणि त्यावरचा फोटो पाहून म्हणाला, "हे साहेब तुमचे कोण?" तरीही मी खूश होतो. दवाखान्यात दर महिन्याला रुग्णांचा मेळावा भरे आणि त्यात मी भाषण करी. एकदा भाषणाच्या भरात बोलून गेलो की माझ्या न्हाणीघरातला काटा मी स्वतः तपासून, शिक्का मारून घेतलेला आहे आणि त्याहून खरा काटा गावात नाही. तेव्हा ते खरंही होतं. त्यानंतर दवाखाना माझं वजन मी घरून कळवलेल्या आकड्यावरच धरू लागला.

यानंतर एक शास्त्रीय शोध लागला. केळ्याएवढ्या पोटाच्या दारावर घन पदार्थ अडतात, पण पातळ पदार्थाला कोणी अडवत नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला आइस्क्रीमचं दुकान आहे. आइस्क्रीम हा घन पदार्थ आहे असं सर्वसाधारण मत आहे, पण तो बाकावर ठेवून दहा मिनिटं धीर धरला तर ते मत बदलतं. जेवणानंतरचं माझं फिरणं त्या बाकापर्यंत असे. दुकानदार सुरुवातीला चमचा देई, मग स्ट्रॉ देऊ लागला, पुढे पुढे तो मला लांबून बघितलं की आधीच बाहेर काढून ठेवी. शस्त्रक्रियेने पोट लहान केलं होतं. जिभेकडे संमतीच्या कागदावर सहीच मागितलेली नव्हती.

बाण पुढे सरकू लागला. इथे मला तांत्रिक माहिती द्यावी लागेल. घरगुती काट्याच्या पुढच्या कडेखाली एक दातेरी चाक असतं. काटा रिकामा असताना बाण शून्यावर नसेल तर त्या चाकाने तो आणायचा असतो. तेच चाक जरा उलट फिरवलं की बाण शून्याच्या मागे जाऊन बसतो आणि मग जो उभा राहील त्याचं वजन तेवढं कमी भरतं. आमच्या खात्याच्या नियमांनुसार प्रत्येक काट्याला थोडी चूक माफ असते. मी चाक फिरवलं ते त्या माफीच्या मर्यादेत राहूनच. पुढच्या महिन्यात पुन्हा फिरवलं, तेही मर्यादेत. असं मर्यादेत राहून मी एकूण सात किलो मागे गेलो. चूक एवढीच होती की ही माफी दर महिन्याला नवी मिळत नाही.

गंमत म्हणजे काटा माझ्या हिशेबाहूनही जास्त प्रसन्न होता. मी एक किलो मागे घेतलं की तो दोन किलो कमी दाखवी. मी याचा अर्थ असा लावला की शस्त्रक्रिया आता उशिरा का होईना आपणहून काम करू लागली आहे. माझ्या खात्यातल्या एखाद्या माणसाने असा अर्थ लावला असता तर मी त्याला घरी बसवलं असतं. त्याच सुमारास आईने काट्यावर एक विणलेलं फडकं घातलं. "धूळ बसते," ती म्हणाली. बायको म्हणाली, "बरं केलंत." मीही म्हणालो, बरं केलंस. फडकं बाजूला करायचं, चढायचं, आकडा वाचायचा, आणि पाय खाली टेकायच्या आत फडकं परत ओढायचं, अशी एक पद्धत घरात पडली. ती कोणी कोणाला शिकवली नव्हती. रिकामा काटा पाहणं आमच्या घरात असभ्य समजलं जाऊ लागलं.

घरात त्या काळात फार आनंद होता. बायको न्हाणीघरातून गुणगुणत बाहेर येई आणि त्या आनंदात दोन बिस्किटं खाई. फक्त आई जरा गंभीर दिसे.

मग दवाखान्याचा वार्षिक मेळावा आला. सर्वांसमोर रुग्णांची वजनं करायची आणि त्यांचं कौतुक करायचं असा कार्यक्रम होता. सकाळी नेमका दवाखान्याचा काटा निकामी झाला. (तो कोणाच्या पायाखाली झाला ते जाहीर झालं नाही. त्या गृहस्थांनी पहिल्या रांगेत बसून पूर्ण कार्यक्रम पाहिला.) डॉक्टर माइकवर म्हणाले, "काळजी नको. आपल्या निरीक्षकसाहेबांच्या घरी गावातला सर्वांत खरा काटा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काही बोलण्याआधीच डॉक्टरांचा ड्रायव्हर गाडी घेऊन निघाला. काटा आला तो फडक्यासकट. ड्रायव्हरने व्यासपीठावर सगळ्यांदेखत फडकं ओढलं.

बाण शून्याच्या मागे सोळा घरं होता.

सात माझी होती. उरलेल्या नऊ किलोंचा मला पत्ता नव्हता. कोणीही नसताना आमचा काटा उणे सोळा दाखवत होता. म्हणजे आमच्या न्हाणीघरातली हवासुद्धा बारीक होत चालली होती. मी घाबरून सभागृहाकडे पाहिलं. पण रिकाम्या काट्याकडे कोणी बघत नसतं, लोक चढणाऱ्याकडे बघतात. बघत होती फक्त तिसऱ्या रांगेतली माझी बायको.

पहिले एक बसचालक चढले. गेल्या महिन्यापेक्षा ते सतरा किलोंनी उतरले होते. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग एक शिंपी, मग एक मुख्याध्यापिका. जो चढे तो धन्य होऊन उतरे. एक बाई बहिणीला सोबत म्हणून आल्या होत्या, त्या नुसत्या हौसेने चढल्या आणि कुठलीही शस्त्रक्रिया न होता सोळा किलोंनी बऱ्या झाल्या. आहारताई चढल्या तेव्हा सभागृहात काळजीचा सूर उमटला. शेवटी डॉक्टर स्वतः चढले. उतरताना ते पोटावरून हात फिरवत म्हणाले, "हल्ली मी जिना वापरतोय ना." (दवाखान्याला लिफ्ट आहे आणि ती तेच वापरतात.) मी चढलो, चौऱ्याण्णव भरलो, छायाचित्र काढलं तेव्हाच्या आकड्याइतका तंतोतंत. मला शाल द्यायची ठरली होती, पण ती आता मोठी होईल अशी शंका आल्याने हातरुमाल दिला.

"वहिनी, तुम्ही पण या," डॉक्टर म्हणाले.

"माझं सकाळी झालंय," बायको म्हणाली.

मी बाजारात उभा राहिलो असतो तर तो काटा तिथल्या तिथे जप्त केला असता. पण बाजारात खोटा काटा ओळखू येतो तो गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून. माप कमी मिळालं की माणूस बोंब मारतो. इथे शंभर माणसांना माप कमी मिळालं होतं आणि शंभरही टाळ्या वाजवत होते. अशा वेळी निरीक्षकाने काय करावं, याबद्दल खात्याच्या नियमावलीत काही नाही. मीही टाळ्या वाजवल्या.

घरी आम्ही चालत निघालो. मग बायको म्हणाली, "अहो, सोळा होते."

"हो."

"त्यातले पाच माझे. तुमचे किती?"

"सात."

पुढच्या वळणापर्यंत आम्ही दोघेही मनात वजाबाकी करत गेलो. "मग चार कोणाचे?" असं ती म्हणाली आणि दोघेही एकदम थांबलो.

आई न्हाणीघराच्या दारात उभी होती. "फडकं कुठे नेलं माझं?" तिने विचारलं. आमचे चेहरे पाहून तिला कळलं. पण ती डगमगली नाही. "हो, मीच फिरवलं," ती म्हणाली. "म्हटलं, डॉक्टरला दिसू दे तरी पोर किती वाळलंय ते. म्हणजे तोच सांगेल, याला खायला घाला म्हणून. तर कसलं काय! मीच एकदा उभी राहिले आणि बत्तीस भरले. तेव्हापासून सकाळी दोन अंडी खातेय मी, कोणाला सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी बायको माझ्या कार्यालयात आली आणि म्हणाली, "मला गोदामात न्या."

पोत्यांचा काटा होता तिथेच होता. मी चढलो. एकशे दहा. माझी समजूत सातच किलो वाढल्याची होती. काट्याने सोळा सांगितले. मी गेले कित्येक महिने काट्याला फसवतोय असं समजत होतो आणि घरातल्या दोन बायका मला फसवत होत्या, आणि आम्ही तिघेही आपापल्या परीने समाधानी होतो. मी उतरायला लागलो तशी बायको म्हणाली, "थांबा." ती माझ्या शेजारी चढून उभी राहिली, त्या पहिल्या वेळेसारखीच. बाण हलला, डुलला आणि थांबला.

एकशे शहाऐंशी.

"तेवढंच आहे की," ती म्हणाली. "मग कापलं काय?"

माझा नियम सिद्ध झाला होता, पण मला आनंद झाला नाही. मी म्हणालो, "तू माझ्या वाटचं खाल्लंस."

"मग काय करणार? तुम्ही दोन चमचे तोंडात टाकून उठायचा. आहारताईंनी सांगितलं होतं, अर्धा तास बसा म्हणून. मी दारामागून ऐकलं होतं ते. मला वाटलं, चला, खाणार नाही तर नाही, समोर बसतील तरी. ते सोडून बाकी सगळं पाळलंत." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "एकटीने जेवायचं नाही म्हणून तर तुमचं पोट कापायला दिलं मी. आणि तुम्ही हयात असताना रोज एकटी जेवतेय. पुढ्यात असेल ते संपवत बसते. दुसरं काय असतं करायला?"

मला लाज वाटली. निरीक्षक म्हणून नाही, तशी मला सवय आहे. एवढी वर्षं लोकांची मापं तपासत हिंडलो आणि माझ्याच ताटासमोर काय कमी पडत होतं ते मी मोजलं नव्हतं. मला दादा आठवला. त्याने निदान विनोद अर्धवट सोडला होता. मी तर समोर बसून सुरूही केला नव्हता. मी बायकोचा हात धरला. काट्यावर त्याने काही फरक पडला नाही.

हल्ली आमच्या घरी दोन लहान वाट्या मांडतात आणि अर्धा तास लागतो. पहिल्या दिवशी पाचव्या मिनिटाला भात संपला आणि पंचवीस मिनिटं काय बोलायचं हा प्रश्न पडला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही विषय निघेना. शेवटी आम्ही आइस्क्रीमवाल्याबद्दल बोललो. आता विषय पुरत नाहीत असं होत नाही, उलट कधीकधी वाटी तशीच राहते. आई मध्येच येऊन दोघांच्या वाट्यांत डोकावते आणि सुस्कारा टाकून आपलं अंडं सोलत बसते. न्हाणीघरात मी गोदामातून तपासून आणलेला दुसरा काटा ठेवला आहे. त्यावर फडकं नाही. गेल्या सोमवारी मी एकशे आठ भरलो. दोनच किलो उतरलेत, पण ते खरे आहेत. त्यावर बायकोने एवढंच म्हटलं, की उद्याही बसा.

जुना काटा मात्र दवाखान्यातच राहिला. तो सदोष असल्याने परत करावा, असं मी रीतसर कळवलं. आदर्श रुग्णाच्या जागेवरून माझं छायाचित्र काढावं, असंही त्यात लिहिलं. डॉक्टरांचा फोन आला. "साहेब, त्या काट्याने लोकांना हुरूप येतो," ते म्हणाले. रुग्णांनी एकमुखाने विरोध केला; बसचालक तर काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले. दवाखान्याच्या बाकीच्या शाखांनी तसेच काटे मागवले आहेत. काटे बनवणाऱ्यांनीही मागणी ओळखून चाक आधीच थोडं मागे फिरवून द्यायला सुरुवात केली आहे, असं बाजारात ऐकू येतं. मी काही करू शकत नाही. जिथे तोलून काही विकलं जात नाही तिथे नियमानुसार कारवाईसाठी ज्याचं माप कमी भरलं त्या गिऱ्हाइकाची तक्रार लागते, आणि अशी एकही तक्रार माझ्या कार्यालयात आलेली नाही.

आपल्या घरीही काटा असेलच. त्यावर न चढता, तो रिकामा असताना, बाण कुठे उभा आहे ते एकदा पाहावं. संशय आल्यास माझं कार्यालय रोज उघडं असतं. तक्रार तोंडी सांगितली तरी चालते. घाई मुळीच नाही. इथवर वाचूनही आपण काटा बघायला उठलेला नाहीत, यावरून तो प्रसन्न असावा असं मी धरून चालतो.